धुक्यातली फेरी

स्टर्जन नेक, ऑन्टॅरिओ
९ ऑक्टोबर २०१४

प्रिय हिल्का,

तुझ्या घरी आता कोण कोण असतं ते मला ठाऊक नाही, तेव्हा जे असतील त्या सगळ्यांना माझा नमस्कार. तू बरी असशील. मी बरा आहे. गुडघे तेवढे हवा बदलायच्या आधीच बोंब मारतात. गोलरक्षकाचे गुडघे, दुसरं काय करणार! साउनाच्या न्हाणीघराचं छपर नवं घातलं. सरपण रचून झालं. बर्चची पानं परवाच्या वाऱ्यात एकदम झडली आणि खिडकीतून तळं दिसायला लागलं. या दिवसांत मला शाळेतल्या कविता फार आठवतात. मिस हॅलोरन छडीने टेबलावर ताल धरून म्हणवून घ्यायच्या ना, 'तळं निजलं बर्फाखाली, कोण तयाला उठवील?' पुढची ओळ काही केल्या आठवत नाही.

पत्राला कारण तसं काही खास नाही. गावच्या वाचनालयातल्या बाईंनी लून्सचा, आपल्या बर्फावरच्या हॉकी संघाचा, इतिहास लिहून मागितला आहे. दोन हिवाळेसुद्धा धड न जगलेल्या संघाचा कसला आलाय इतिहास? तरी बसलो लिहायला. आपल्या जर्सी एका बुडालेल्या संघाच्या, जुन्या. छातीवरच्या अस्वलावर बायकांनी लून पक्षी शिवला, पण अस्वलाचा एक कान वरून डोकावायचाच. परगावचे लोक ओरडायचे, "अरे, तुमच्या बदकाला कान फुटलाय!" तुला आठवत असेल, आपला वेइक्को त्यांना म्हणायचा, "म्हणूनच ऐकू येतंय, जरा हळू बोंबला!" पहिल्या हिवाळ्यात आपण हरायचो तरी हॉलमध्ये उभं राहायला जागा नसे. दुसऱ्या हिवाळ्यात जिंकायला लागलो आणि नेमका संघाचा खर्च उचलणाऱ्या लाकूडगिरणीने हात आखडता घेतला.

इथवर झरझर लिहून झालं. शेवटच्या सामन्यापाशी येऊन हात थांबला. तू नेहमीसारखी माझ्या गोलच्या मागच्या बाकावर बसली होतीस, म्हणून तुलाच लिहितो आहे.

मार्चातला रविवार, दुपार. बाहेर नको तितकी ऊब. वेइक्को तळ्यापलीकडच्या लाकूडतोडीच्या तळावर होता आणि सामना सुरू झाला तरी आला नव्हता. डन्फी कोच मला ऐकवत शिव्या घालत होता, "तुझा भाऊ स्वतःच्या मयतालाही उशिराच येणार!" मग मोठं दार उघडलं, ऊब आत शिरली आणि बर्फावर धुकं चढलं. आधी पोटऱ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत, मग माणसंच दिसेनात. पंचाने शिट्टी मारली आणि अशा वेळी करतात तसं दोन्ही संघांनी मिळून गोल गोल फेऱ्या धरल्या, टॉवेल फिरवत, धुकं हाकलायला. मी गोलात डोळे मिटून उभा. माझा रिवाज तुला माहीत आहे: खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आधी आपल्यातल्या प्रत्येकाने जाता जाता माझ्या पॅडवर काठी मारायची, सगळ्यांत शेवटी वेइक्कोने, आणि तोवर मी डोळे उघडायचे नाहीत.

एकेक जण काठी मारून गेला. आणि शेवटी वेइक्कोची काठी आली. आधी डावा पॅड, मग उजवा. तशी मारणारा दुसरा कोणी नव्हताच. मला हायसं वाटलं. फक्त त्या दिवशी तो बोलला नाही. एरवी म्हणायचाच, "झोपलास काय रे, कविराज?" तो नुसता समोर उभा राहिला. गार लागलं. मग माझ्या मागे, बाकांच्या बाजूला गेला.

धुकं विरळ झालं तेव्हा तो नव्हता. आपल्या संघातला पेल्तिए म्हणाला, "आत्ता माझ्या खांद्याला घासून गेला." अजून दोघांनी तेच सांगितलं. म्हणजे आला होता. आला आणि मागच्या दाराने गेला. गाडी नाही, माणूस नाही. गावाला तेवढं पुरलं. नदीपलीकडच्या खाणावळीतल्या बाईबरोबर पळाला, हे आठवडाभरात सगळ्यांच्या तोंडी झालं. माणसं स्टेशनवर चौकशी करून आली, हमरस्त्यावर करून आली. तळ्याकडे कोणी बघितलंही नाही. बघायचं कशाला? आम्ही शपथेवर सांगत होतो ना, की तो आला होता! पुढच्या रविवारी तळ्यावरचा बर्फ फुटला. संघही फुटला. तू मला एवढंच म्हणालीस, "इथवर आला आणि मला न भेटता गेला?" आणि उन्हाळ्यात पश्चिमेची गाडी धरलीस.

हिल्का, आता लिहितोच.

यंदा ऑगस्टात पाण्याच्या नव्या नळासाठी पाणबुडे तळ्यात उतरले होते. त्यांना वेइक्कोचा ट्रक सापडला. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून जाते त्या बर्फाच्या वाटेखालीच, गावाकडे तोंड करून. वाटेच्या खुणेच्या फांद्या सामन्याच्या त्या आठवड्यात काढून घेतल्या होत्या. फांद्या काढल्या की त्या वाटेने जायचं नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण तळ्याला वळसा घातला असता तर सामना हुकला असता. तो आत बसलेला होता. पिशवी शेजारच्या सीटवर. पिशवीत स्केट्स, नाड्या एकमेकींना बांधलेल्या, पात्यांवर म्यान तसंच चढवलेलं. जर्सीची घडीही मोडली नव्हती. मी स्वतः पाहिलं.

तो हॉलमध्ये पोचलाच नव्हता.

पेल्तिएला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आर्मस, एक गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. तो घासून गेला ना, तेव्हा पात्यांचा आवाज नव्हता रे." आणि मला आठवलं, मीही ऐकला नव्हता. बाकीच्यांचा खरखराट चालू होता, आणि त्यात माझ्यापुढे एक जागा मुकी होती.

आता तुला विचारतो, ते मी इतकी वर्षं विचारलं नाही, कारण विचारण्यात अर्थ आहे हेच ठाऊक नव्हतं. धुकं गेल्यावर मी वळून तुझ्याकडे पाहिलं, तेव्हा तुझ्या राखाडी कोटाचा एक खांदा ओलाचिंब होता. मला वाटलं, छत गळतंय. शेजारच्या कोणाच्या अंगावर थेंब नव्हता. तू त्या खांद्यावर हात ठेवून बसली होतीस. का ठेवला होतास?

नको सांगूस. पण माझं मन सांगतं, तो तुला न भेटता गेला नाही.

जे हाती लागलं ते एका लहान पेटीत मावलं. चर्चच्या मागे, आईच्या शेजारी जागा आहे. जमीन नोव्हेंबरात दगड होते, मग वसंतापर्यंत कुदळ लागत नाही. पाद्री विचारतात, कधी? मी म्हटलं, त्याच्या बायकोला विचारून सांगतो. चाळीस वर्षांत त्याला कोणी 'हिल्काचा नवरा' म्हटलं नव्हतं. मला म्हणताना रडू आलं.

येशील तर मी स्टेशनवर उभा असेन. आली नाहीस तरी माझा राग नाही. फक्त त्याच्यावरचा तुझा राग आता सोड. धरायचाच असेल तर आमच्यावर धर, ज्यांनी तो आला होता म्हणून शपथेवर सांगितलं.

तुझा, आणि तू म्हणशील तर पुन्हा तुझा दीर,
आर्मस