चांगलं पाणी तांब्यात

अण्णा, मी घरात समुद्राचं पाणी ठेवलंय. लातूरला नळाला दहा-दहा दिवस पाणी येत नाही, आणि माझ्या बैठकीत काचेची टाकी, मीठ कालवलेलं पाणी, त्यात जिवंत प्रवाळ. तुम्ही आयुष्यभर क्लासमध्ये फळ्यावर काढून शिकवलं, "प्रवाळ झाड नाही, दगड नाही, प्राणी आहे." समुद्र मात्र कधी बघितला नाही. तुमच्यासाठी टाकी आणली असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण तसं काही नाही. कोपरा रिकामा होता.

दोन महिने टाकी नुसत्या पाण्यावर चालवली, मग प्रवाळ आणायला नांदेडला गेलो. दुकानदार म्हातारे, बापापासून माशांचाच धंदा. म्हणाले, "पहिल्यांदाच करून राहिले ना साहेब? मग नखरेवाले नका घेऊ. हा मशरूम घ्या, ही झोआ, हा लेदर. सोपे हायेत. मारतो म्हणलं तरी मरत न्हाईत." तिन्ही जातींचे प्रवाळ घेतले. वाटेत मांडीवर डबा धरून बसलो होतो आणि तुमचा आवाज येत होता. "सोपं होतं रे."

माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात. ओरडला नाहीत. गावोगावची पोरं तुमच्या हाताखालून डॉक्टर झाली आणि घरचं पोरगं जीवशास्त्रातच नापास. गुणपत्रिका घडी करून परत दिलीत आणि हंड्यातलं पाणी प्यायला गेलात. तो तांब्याचा हंडा तुम्ही भूकंपानंतर मैदानात क्लास भरवला तेव्हाही सोबत आणला होता. "चांगलं पाणी तांब्यात ठेवावं." शेवटपर्यंत तुमचं तेच.

तीन आठवड्यांत मशरूम आक्रसला. झोआ उघडेना. लेदर मान टाकून पडला. मी रोज बघत होतो आणि खरं सांगू, फारसं काही वाटत नव्हतं. एवढंच वाटलं, की मला सोपंही जमत नाही हे तुम्हाला आधीच माहीत होतं. एकदा जमलं असतं तर बरं झालं असतं.

मेलेले घेऊन परत नांदेड. म्हाताऱ्यांनी सगळं विचारलं. मीठ, दिवे, रोज आटणारं पाणी. "आटलेलं भरता कशानं?" म्हटलं, आरओचं शुद्ध पाणी. "ठेवता कशात?" म्हटलं, वडिलांच्या तांब्याच्या हंड्यात. त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला. साहेब, तांबं म्हंजी त्यांना जहर."

मी हसलो. बऱ्याच वर्षांनी. मी नव्हतो, अण्णा, हंडा होता. आता पाणी प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवतो. पाणी बदललं, नवा मशरूम आणला, तो महिनाभर तळव्याएवढा उघडून बसलाय. सोपा आहे खरंच.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. भूकंपानंतर मैदानात पहिल्या दिवशी तुम्ही हजेरी घेतलीत. माझ्या शेजारी बसणारा औशाकडचा पोरगा आला नव्हता, येणारही नव्हता. तुम्ही त्याचा नंबर गाळून माझा घेतलात. मी "हजर" म्हणालो. मग तुम्ही प्रवाळ शिकवलंत. त्या दिवसापासून मला कशाचंच काही वाटेना. बारावीच्या परीक्षेत प्रवाळाचा प्रश्न आला. सोपा होता. मला येत होता, पुढचेही येत होते. मी पेन खाली ठेवलं आणि घंटा होईपर्यंत बसून राहिलो.