पंचेचाळिशीची अट

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

मी मजेत आहे. खोली उबदार आहे आणि जेवण वेळेवर मिळतं. आईचे गुडघे काय म्हणतात?

कोळशाची वीज बंद करायला श्रीमंत देशांनी गरीब देशांना किती मदत द्यायची, ते इथल्या परिषदेत ठरतंय. काचेच्या केबिनमध्ये बसून मी एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगते. दुभाष्याला स्वतःचं मत नसतं.

प्रशिक्षणाचा पैसा पंचेचाळिशीच्या आतल्यांनाच, अशी अट मसुद्यात होती. मंगळवारी निधी देणारे साहेब म्हणाले, "पंचेचाळिशी उलटलेल्या कामगारांना नवं काम शिकवण्यात मला अर्थ वाटत नाही." नियमाप्रमाणे मीही माइकवर 'मला' असंच म्हटलं. तुम्हाला चोपन्न पूर्ण झाली. आवाज हलू दिला नाही.

चहाच्या सुट्टीत आपल्या देशाच्या वतीने बोलणी करणाऱ्या मुख्य बाईंनी विचारलं, "बॉयलरचे शब्द इतके अचूक कुठे शिकलात?"

"वडिलांकडून. तीस वर्षं बॉयलर चालवतात. त्यांचं वीजकेंद्र बंद होणाऱ्यांच्या यादीत आहे."

"नवं काम जमेल त्यांना?"

"नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं ओळखतात."

दुपारी बाई हटूनच बसल्या. अट काढल्याशिवाय सही नाही, म्हणाल्या. संध्याकाळी अट निघाली. निम्मी मदत मात्र कर्ज म्हणूनच मिळणार, तिथे त्यांचं काही चाललं नाही.

प्रशिक्षणाचा अर्ज आला की भरा. 'या वयात कुठे पाटी-पेन्सिल' म्हणून कपाटावर टाकू नका.

परिषदेतलं बोलणं बातम्यांत लागेल. ते वाक्य माझ्या आवाजात ऐकू आलं, तर शब्द माझे नव्हते एवढं आईला सांगा.

तुमची,
धाकटी