त्यांच्या हाताला लिंबाचा वास

तंजावूर, रविवार संध्याकाळ

हे ओरत्तनाडूहून, बहिणीकडून आले ते थेट मागच्या नळावर. साबणानं हात धुतले, मग लिंबू चोळलं, मग पुन्हा साबण. "काय जेवलात?" विचारलं, तर म्हणाले, "रसम-भात." रसम-भाताला लिंबू?

नणंदेचा फोन आधीच येऊन गेला होता. "वहिनी, अण्णानं आज इराल मागून मागून खाल्ले! लहानपणी माझ्या पानातले पळवायचा."

इराल म्हणजे कोळंबी. लग्नानंतर मी एकच घास खाल्ला आणि घसा सुजून दवाखाना गाठावा लागला. तेव्हापासून ती घरात नाही. "मला तरी कुठं आवडते?" हे म्हणाले होते. मी भाबडी, आजवर खरं धरून चालले.

वर्गात दरवर्षी शिकवते मी: कोळंबीच्या स्नायूंचं आखडणं, सैल होणं सांभाळणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे ट्रोपोमायोसिन. शिजवलं तरी टिकतं. झुरळातही जवळपास तसंच असतं. माझं शरीर त्यालाच शत्रू समजतं. लिंबानं ते नाहीसं होत नाही, हे ह्यांना कोण सांगणार? मी तर नाहीच.

संध्याकाळची कॉफी रोज हेच करतात. आज "तूच कर" म्हणाले, आणि माझ्या पेल्याला बोटसुद्धा लावलं नाही. तरी लिंबाचा वास येतच होता.

विचारून टाकावं का? नको. उद्या एवढंच सांगेन, की दर रविवारी पेपर तपासायला मला घरात शांतता हवी; तुम्ही आपले ओरत्तनाडूला जाऊन येत जा.