चालक क्रमांक एकतीस

सोल,
१८ फेब्रुवारी २०२५

बाबा,

चांद्र नववर्षाला घरी येऊन तुमच्यासमोर गुडघे टेकायला हवे होते. ते राहिलं, म्हणून इथूनच वाकून नमस्कार. आईने पाठवलेला आंबवलेल्या कोबीचा, किमचीचा डबा पोचला. खोलीला आता आपल्या घरासारखा वास येतो. शेजारची मुलगी नाक मुरडते, मुरडू दे. थंडी मरणाची आहे, तुमच्या थेबेकच्या घाटात तर रस्त्यावर बर्फच असेल. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, हसू नका.

सणाला आले नाही ते धाकट्या काकांमुळे. "काय गं, अजून आकडेच मोजतेस? लोकांच्या पोरी पोरं मोजायला लागल्या!" दर वर्षी तेच. सरकारी परीक्षांमध्ये तीन वर्षं घातली, मग डेटा विश्लेषण शिकले, त्यालाही वर्ष होईल. त्रेसष्ट अर्ज झाले. बहुतेकांचं उत्तरच येत नाही. आलंच तर "आपल्या गुणांचा आम्हाला आदर आहे" असं सुरू होतं, की पुढचं वाचावं लागत नाही.

मागच्या आठवड्यात मात्र एका ठिकाणी गाडी पुढे सरकली. छोटी कंपनी आहे, डोंगराळ भागातल्या बससेवांना त्यांच्या नोंदींचा अर्थ लावून देते. तिथल्या ग्वोन बाई फोनवर म्हणाल्या, "शिकवणीतले प्रकल्प सगळ्यांचे सारखेच असतात हो. आम्ही खऱ्या नोंदी देतो, फक्त नावं काढून. बेचाळीस चालक, तीन वर्षं. अंधारातल्या फेऱ्यांवरून कोणाला उतरवायचं ते सांगा, आणि शुक्रवारी समोर बसून पटवून द्या."

शनिवारी मी फोन केला होता. संध्याकाळी घाटात नीट दिसतं का, असं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "नोकरी शोधतेस की बापावर पहारा ठेवतेस? घारीचे डोळे आहेत माझे, घारीचे!" मागे आई हसली. मग पुढचं बोलायचा धीर झाला नाही.

बाबा, त्या बेचाळिसांतला एकतीस क्रमांकाचा चालक दर ऑक्टोबरात एकच दिवस रजा घेतो. एका वर्षी सहा तारखेला, पुढच्या वर्षी पंचवीसला, गेल्या वर्षी तेराला. आधी काही वाटलं नाही. मग सहज चांद्र पंचांग उघडलं. तिन्ही वेळा तिथी एकच, नवव्या महिन्यातली अकरावी. आजीच्या श्राद्धाची. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीत तो एका थांब्यावर चार मिनिटं उभा राहतो. नोंदीत त्याला 'अकारण विलंब' म्हटलंय. मी गावी येते ती त्याच बसने, त्यामुळे कारण मला ठाऊक आहे. कोबीची पाटी डोक्यावर घेऊन एक म्हातारी चढण चढत असते.

सप्टेंबरपर्यंत सगळं ठीक आहे. नंतर अंधार पडला की करकचून ब्रेक लागतात. ऑक्टोबरात दोनदा, नोव्हेंबरात पाचदा, जानेवारीत चौदा वेळा. दिवसा एकदाही नाही. सुगीच्या सणाला तुम्ही ओतलेली दारू पेल्याबाहेर सांडली आणि आम्ही "चढली, चढली" म्हणून हसलो, आठवतं? तो पहिलाच पेला होता. म्हणून अक्षर मोठं काढलंय.

मी नोंदींतून एकतिसाची ओळच काढून टाकली. दोन दिवस माझ्या यादीत एकेचाळीसच चालक होते आणि मी जेवत होते, झोपत होते. पण जानेवारीतली एक नोंद डोळ्यांपुढून हलेना. घाटातलं वळण, जोरात लागलेला ब्रेक, बसमध्ये नऊ माणसं. त्या थांब्यानंतरची वेळ, म्हणजे ती म्हातारीही आत होती. आणि चाकामागे तुम्ही होतात. मला फार भीती वाटली, बाबा. अजून वाटते.

आज अकरा वाजता यादी पाठवली. सगळ्यांत वर एकतीस आहे. शेजारी लिहिलंय: डोळे तपासावेत, तोवर दिवसाच्या फेऱ्या द्याव्यात, कामावरून काढू नये. ते ऐकतील की नाही, देव जाणे. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, हे मला कळतं. पोरीने बापाच्या पोटावर पाय दिला असं काका म्हणतील. त्यांच्या आधी मीच स्वतःला म्हणून घेतलंय. आणि ही नोकरी मला हवी आहे, तेही खोटं कशाला सांगू? शुक्रवारी ग्वोन बाईंना एकतीस माझा कोण ते सांगणार आहे. मग गेली तर गेली.

पत्र जलद टपालाने पाठवतेय, उद्या मिळेल. तुमचा राग नंतर काढा. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि आगारात स्वतः सांगा. वरून कागद यायच्या आत तुम्ही बोललात, तर तो तुमचा निर्णय असेल. आणि उद्याची संध्याकाळची फेरी कृपा करून दुसऱ्याला द्या.

पहिल्या पगारात आईवडिलांना लाल गरम कपडे घ्यायचे असतात. अठ्ठावीस वर्षांची झाले तरी ते जमलेलं नाही. कधी जमलंच, तर आईचा जोड घेईनच. तुमचाही घेऊ का, एवढं कळवा.

तुम्ही म्हणाल तर तुमचीच,
बोराम