अर्पणपत्रिकेतलं वर्ष

नाशिक,
२० फेब्रुवारी २०२६
(फाल्गुन, शके १९४७)

चि. चैताली,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं वय माझ्याएवढंच, त्यामुळे त्याला रागावता येत नाही. थंडी ओसरली, द्राक्षं बाजारात आली. सटाण्याहून तुझ्या मामाने कांदे पाठवले, एकट्या माणसाला पोतंभर. निम्मे शेजारच्या वत्सलाबाईंना दिले, तर त्या आता रोज त्यांचीच भजी करून आणतात. कांदा काही माझं घर सोडत नाही.

तुझ्या रशियन पुस्तकाची प्रुफं पोचली. तू फक्त अर्पणपत्रिकेची मराठी ओळ तपासायला सांगितली होतीस. पण जन्मभर ओझरच्या विमान कारखान्यात रशियनचा दुभाषा म्हणून राबलेला माणूस एक ओळ वाचून थांबेल, असं तुला वाटलंच कसं? सगळं वाचलं. त्या जुन्या स्लाव्ह बखरी आणि त्या लिहिणारे साधू मला आवडले. दुष्काळ, लढाई, धूमकेतू, सगळं एकाच सुरात लिहितात. आणि मध्येच एखादं रिकामं वर्ष, नुसता आकडा, पुढे काही नाही. तू म्हणतेस, अशा वर्षी काही घडलंच नाही असं अभ्यासकाने धरू नये. लिहिणाऱ्याला कळलं नसेल, पान हरवलं असेल, किंवा त्याला लिहवलं नसेल. ते शेवटचं मी पुन्हा वाचलं.

प्रस्तावनेत तू कुठल्या कुठल्या प्राध्यापकांचे आभार मानलेस. पण हे पुस्तक कुठे सुरू झालं ते मला ठाऊक आहे. टाउनशिपमधला आपला पहिला मजला, पाडव्याची सकाळ. वरच्या मजल्यावरच्या रशियन इंजिनियरची बायको, लीदिया, जिना उतरताना थबकली आणि तांब्या उलटा का टांगलाय म्हणून विचारू लागली. आमचं नवं वर्ष आहे, मी सांगितलं. ती म्हणाली, फार पूर्वी आमचंही वर्ष मार्चात सुरू व्हायचं. मी ते तुझ्या आईला मराठीत सांगितलं. आई काठीवरच्या साडीच्या चुण्या सारख्या करत होती. मान वर न करता तिच्या अहिराणीत म्हणाली, "मंग त्यासना बी पाडवाच शे." आणि तू, नऊ वर्षांची, हातातली साखरेची गाठी चाटत विचारलंस, "मग त्यांची गुढी कुठंय?" मी ते लीदियाला रशियनमध्ये सांगितलं आणि ती जिन्यातच बसून हसली. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला अनुवाद असेल.

आता चूक दाखवतो. तू लिहिलं आहेस, "आईस, जी शके १९४२मध्ये गेली." आई गेली फाल्गुन अमावास्येला. पाडवा दुसऱ्या दिवशी होता. म्हणजे शके १९४१. बखरकारांचं वर्ष मार्चात बदलतं, म्हणून फेब्रुवारीतली लढाई आधीच्या वर्षात धरायची, नाहीतर माणूस वर्षभराने घसरतो, असं तूच पाचव्या प्रकरणात लोकांना बजावलं आहेस. आणि स्वतः घसरलीस ती आईपाशी. मी लाल पेन उघडलं, दोनाच्या आकड्यावर टेकवलं, आणि तिथेच थांबलो.

मला तो फोन आठवला. आई गेली तेव्हा तू त्या डोंगरातल्या मठात हस्तलिखितं पाहत होतीस. तुझा फोन लागत नव्हता. इकडे कोरोनाने रस्ते बंद केलेले, मामालाही सटाण्याहून येता आलं नाही. मोजक्या माणसांत सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझाच फोन आला. "बाबा, पाडव्याच्या शुभेच्छा. आईला द्या ना."

मी ते तुला कसं सांगितलं, आठवत नाही. 

दूरची घटना बखरकार बातमी पोचली त्या वर्षात लिहितो, त्याला चूक म्हणू नये, हेही तुझंच वाक्य आहे. तुझी आई पाडव्याच्या सकाळपर्यंत होती. माझी मैना आदल्या दुपारीच गेली होती. दोघांचंही खरं आहे. तो आकडा मी तसाच ठेवला आहे. बाकी तुझे स्वल्पविराम मात्र सोडलेले नाहीत.

विमानं पुन्हा सुरू झाली तरी तू आली नाहीस. आई नसलेल्या घराचं दार तुला उघडवत नाही, हे मला कळतं. मीही कधी ये म्हणालो नाही. आपण फोनवर ऱ्हस्व-दीर्घ बोलतो, तुझ्याकडच्या बर्फाचं बोलतो आणि ठेवून देतो. तेव्हापासून या घरात गुढी उभारलेली नाही. लागोपाठ सगळी वर्षं नुसत्या आकड्यांची गेली. त्या साधूंसारखीच मलाही लिहवली नाहीत.

एवढा वेळ व्याकरणाच्या आडून जे बोलत होतो ते सरळ सांगतो. मला तुझी आठवण येते, चैतू. तू घरी ये.

हे वर्ष संपायला अजून थोडे दिवस आहेत. तू निघालीस ही बातमी पाडव्याच्या आत पोचली, तर तुमच्या नियमाने ती १९४७मध्येच लिहीन, आणि एक तरी वर्ष भरेल.

काल माळ्यावरून काठी काढली, धुतली, गॅलरीत वाळत ठेवली. तांब्या चिंचेने घासला. आईची जांभळी साडीही सापडली. तिला चुण्या घालून काठीच्या टोकाशी बांधायची ती गाठ आईने तुला शिकवली होती. मी सकाळपासून बसलोय, मला काही जमत नाही.

गाठ तुझ्यासाठी ठेवून,
तुझे बाबा