एलूल महिन्यातला हलवा

तीर्थरूप आईस शालोम,

मी मजेत आहे. रेवदंड्यातल्या आपल्या शेजारच्या लियाकतबरोबर पाठवलेला गव्हाच्या चिकाचा हलवा पोचला. तुझा गुडघा कसा आहे?

लियाकत आला तेव्हा माझ्याकडे ऑफिसची मंडळी जेवायला होती. मी त्यांना आपला ज्यूंचा एलूल महिना तुझ्याच शब्दांत सांगत होतो: या महिन्यात देव राजासारखा महाल सोडून शेतात येतो, मळक्या कपड्यांतही त्याला भेटता येतं.

लियाकत इथल्या जबल अली बंदरातल्या गोदामातून तसाच आलेला, धुळीने माखलेला. दारातच म्हणाला, "कपडे मळलेत, मी आपला निघतो."

मी "बरं" म्हणालो.

हलव्याचा डबा उघडवत नाही. शुक्रवारी त्याच्या कामगार कॅम्पवर घेऊन जातो. तो फोनवर त्याच्या घरी याबद्दल काही बोलला का, कळव. काहीच बोलला नसेल, तर जास्त लाज वाटेल.

तुझा,
अवनेर