शिंपीकाकांच्या दुकानासमोर

प्रिय ताईस,

अर्ध्यात कॉलेज सोडलेल्या धाकट्याचा नमस्कार.

मी मजेत आहे. या महिन्यात कोणाशी भांडलो नाही, हे आईला मुद्दाम सांग. बाबांची कंबर कशी आहे?

इथल्या गॅरेजात गाडी लिफ्टने वर चढते, आपण खाली उभं राहायचं. मान वर केली की नुसतं ऑइल गळतं. आपल्या गॅरेजातल्या जुन्या निळ्या गाडीखाली पाठीवर पडलं, की समोर शिंपीकाकांचं दुकान दिसायचं आणि दारात उभ्या त्यांच्या मुलीची पावलं. ती आत गेली की माझा पाना थांबायचा.

काका दुकान विकताहेत, असं बाबा फोनवर म्हणाले. तिच्या लग्नासाठी का गं? तसं नसेल तर मी येतो, काकांशी आवाज न चढवता बोलतो. लग्न ठरलं असेल, तरी तूच लिही. दुसऱ्या कोणाच्या तोंडून मला ते ऐकवणार नाही.

तुझाच,
धाकटा